मानव आणि कपी : जनुकांच्या ग्रंथातील पाठभेद

‘माणूस माकडापासून झाला, हे खरे का? आणि खरे असेल, तर आजची माकडे माणसे का होत नाहीत?’ उत्क्रांतीचा पाठ शिकविताना हे दोन प्रश्न विचारले गेले नाहीत, असा वर्ग विरळाच. ग्रामसभेनंतरच्या गप्पांतही ते निघतात. पुष्कळदा ते थट्टेवारी नेले जातात. वास्तविक हे प्रश्न अगदी योग्य आहेत आणि त्यांची उत्तरे देण्याचे एक प्रभावी साधन गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांच्या हाती आले आहे. मानव आणि त्याला निकटचे असणारे प्राणी यांच्या आनुवंशिक द्रव्याची अक्षराला अक्षर लावून तुलना करणे, हे ते साधन होय. या तुलनेची पद्धत कोणती, तिच्यातून काय निष्पन्न झाले आणि तिचा आपल्याशी काय संबंध आहे, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

कपी कोणाला म्हणावे?

आपल्याकडील माकड आणि वानर यांना शेपूट असते. ज्यांना शेपूट नसते अशा मानवसदृश प्राण्यांना शास्त्रीय परिभाषेत कपी म्हणतात. त्यांपैकी चिंपांझी, बोनोबो आणि गोरिला आफ्रिकेत, तर ओरांगउटान बोर्निओ व सुमात्रा या बेटांवर राहतो. हे मोठे कपी होत. आग्नेय आशिया व ईशान्य भारत या भागांतील गिबन हे लहान कपी होत. आसाम, अरुणाचल प्रदेश, मेघालय इत्यादी राज्यांतील वनांत आढळणारा हुलॉक गिबन हा भारतातील एकमेव कपी आहे.

मानव आजच्या कोणत्याही माकडापासून किंवा कपीपासून झालेला नाही. मानव आणि चिंपांझी यांचा पूर्वज एक होता. सुमारे साठ लाख वर्षांपूर्वी त्याच्यापासून दोन शाखा निघाल्या व त्या आपापल्या मार्गाने बदलत गेल्या. आपला चुलतभाऊ हा आपला आजोबा नसतो. दोघांचा आजोबा मात्र एकच असतो. चुलतभावाने पुढे आपल्यासारखे व्हावे अशी अपेक्षा आपण करीत नाही. त्याचप्रमाणे चिंपांझीही मानव होण्याच्या वाटेवर थांबलेला प्राणी नाही. तोही साठ लाख वर्षे उत्क्रांत होतच आला आहे.

शिवालिकचा जबडा आणि रक्तातील पुरावा

टॉमस हक्स्ली यांनी १८६३ साली मानव व कपी यांच्या शरीररचनेची तुलना प्रसिद्ध केली. चार्ल्स डार्विन यांनी १८७१ साली असा तर्क मांडला, की मानवाचे आद्य पूर्वज आफ्रिकेत असावेत, कारण त्याचे निकटचे आप्त आज तेथेच आहेत. परंतु त्या काळी पुरावा होता तो मुख्यतः हाडांचा आणि दातांचा.

केवळ हाडांवर विसंबल्याने कशी गल्लत होऊ शकते, याचे एक उदाहरण आपल्याच देशातील आहे. १९३२ साली शिवालिक टेकड्यांत जबड्याचा एक जीवाश्म सापडला. त्याला प्रभू रामचंद्रांच्या नावावरून ‘रामापिथेकस’ असे नाव देण्यात आले. दातांच्या ठेवणीवरून हा मानवी शाखेचा आरंभीचा प्रतिनिधी असावा, असे अनेक वर्षे मानले जाई. मानवाची शाखा दीड कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली असली पाहिजे, हा त्याचा अर्थ होता. पुष्कळ पाठ्यपुस्तकांतूनही तेच शिकविले गेले.

१९६७ साली व्हिन्सेंट सॅरिच आणि ॲलन विल्सन या शास्त्रज्ञांनी रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाची तुलना करून निराळाच निष्कर्ष काढला. मानव व आफ्रिकी कपी यांची फारकत होऊन जेमतेम पन्नास लाख वर्षे झाली असावीत, असे त्यांनी म्हटले. जीवाश्मतज्ज्ञांपैकी अनेकांना ते मान्य झाले नाही. पुढे पाकिस्तानातील पोटवार पठारावर शिवापिथेकसच्या चेहऱ्याचा जीवाश्म मिळाला. १९८२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याचे ओरांगउटानशी असलेले साम्य स्पष्ट झाले. रामापिथेकस हा त्याच शिवापिथेकसच्या गटातील ठरला आणि मानवाच्या पूर्वजांच्या यादीतून त्याचे नाव गळाले. ज्यांनी त्याचा पुरस्कार केला होता, त्यांपैकी काही तज्ज्ञांनी आपले मत जाहीरपणे बदलले. विज्ञानात पुराव्यापुढे मत बदलणे हा कमीपणा मानला जात नाही, हेही यावरून दिसून येते.

पाठभेदांची पद्धत

पेशीतील डीएनए या रेणूत चार रासायनिक घटकांची लांबलचक मालिका असते. या घटकांना सोयीसाठी अक्षरे म्हणतात. एखाद्या जीवाच्या अशा सर्व अक्षरांच्या संचाला जीनोम म्हणतात. मानवाच्या जीनोममध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. प्रथिने घडविण्याच्या सूचना देणारी सुमारे २०,००० जनुके त्यांत आहेत. मात्र या सूचनांनी जीनोमचा दोन टक्क्यांहूनही कमी भाग व्यापलेला असतो. उरलेल्या भागापैकी काही अंश, कोणते जनुक केव्हा, कोठे व किती काळ कार्यरत राहावे याचे नियंत्रण करतो.

पिढी दर पिढी या ग्रंथाची नक्कल होत असते. नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर बदलते, एखादे गळते, तर कधी संपूर्ण परिच्छेद दोनदा उतरला जातो. महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रकार अपरिचित नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ साली ते पूर्ण केले. त्यासाठी निरनिराळ्या लिपींतील १,२५९ हस्तलिखिते अभ्यासण्यात आली. दोन पोथ्यांत एकाच ठिकाणी एकच विशिष्ट चूक आढळली, तर त्या दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्यात, असे संपादक मानतात. जीनोमचा अभ्यासकही याच न्यायाने चालतो.

‘क’ जीवनसत्त्वाचे उदाहरण घेऊ. बहुतेक सस्तन प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. मानवाला मात्र ते आवळा, पेरू, लिंबू यांसारख्या फळांतून मिळवावे लागते. न मिळाल्यास स्कर्व्ही हा रोग होतो. त्यासाठी लागणारे जनुक आपल्या जीनोममध्ये आहे, पण ते मोडलेल्या अवस्थेत. कपींत आणि माकडांतही ते त्याच प्रकारे मोडलेले आढळते. गिनीपिगमध्येही हे जनुक निकामी आहे, परंतु त्याची मोडतोड वेगळी आहे. म्हणजे गिनीपिगची चूक स्वतंत्रपणे झालेली, तर आपली व माकडांची चूक एकाच पूर्वजाकडून वारशाने आलेली आहे. शेपटीचेही तसेच. शेपटीच्या वाढीशी संबंधित असलेल्या एका जनुकात डीएनएचा एक लहान तुकडा शिरलेला असून तो मानव व सर्व कपी यांच्यात आहे, माकडांत नाही, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले.

परंतु एक अडचण राहते. मानवात एके ठिकाणी एक अक्षर आहे आणि चिंपांझीत तेथे दुसरे आहे, एवढ्यावरून बदल कोणात झाला हे सांगता येत नाही. त्यासाठी तिसरा साक्षीदार लागतो. गोरिला व ओरांगउटान यांच्यातही चिंपांझीचेच अक्षर असेल, तर बदल मानवी शाखेत झाला, असे मानता येते. म्हणूनच केवळ चिंपांझीचा जीनोम पुरेसा नव्हता. तो २००५ साली, ओरांगउटानचा २०११ साली आणि गोरिला व बोनोबो यांचे २०१२ साली प्रसिद्ध झाले. या जीनोममध्ये अनेक रिकाम्या जागा होत्या. मानवाचाही पूर्णपणे सलग जीनोम २०२२ साली तयार झाला. एप्रिल २०२५ मध्ये या चारही कपींचे, त्यांत ओरांगउटानच्या दोन जातींचे, आणि त्यांच्या जोडीला सियामांग या गिबनचे जवळजवळ संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाले. त्यामुळे तुलनेचे साहित्य आता बऱ्याच अंशी हाती आले आहे.

दोन पोथ्या, एक बांधणी

मानवाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, ही गोष्ट १९५६ साली निश्चित झाली. मोठ्या कपींत ती ४८ असतात. मग एक जोडी गेली कोठे? गुणसूत्रांवरील पट्ट्यांची तुलना केली असता असे दिसले, की मानवाचे दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र हे कपींच्या दोन गुणसूत्रांचा सांधा असावा. हे खरे असेल, तर सांध्याच्या जागी खूण राहिली पाहिजे. प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला सहा अक्षरांच्या शब्दाची वारंवार पुनरावृत्ती असते. पोथीच्या अखेरीस समाप्तीचे वाक्य असते तसेच हे आहे. १९९१ साली मानवाच्या दुसऱ्या गुणसूत्राच्या मधल्या भागात ही टोकाची खूण समोरासमोर जोडलेल्या स्वरूपात सापडली. दोन पोथ्या एकत्र शिवाव्यात आणि मध्यभागी समाप्तीची वाक्ये तशीच राहून जावीत, असा हा प्रकार आहे. आधी अनुमान, मग त्यावरून अपेक्षा आणि शेवटी प्रत्यक्ष तपासणी, हा क्रम शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगण्याजोगा आहे.

टक्केवारीचा अर्थ

‘मानव आणि चिंपांझी ९९ टक्के सारखे आहेत’ हे वाक्य पुष्कळांनी ऐकलेले असते. २००५ सालच्या तुलनेत, जेथे दोन्ही जीनोम एकमेकांशी सरळ जुळतात तेथे सुमारे १.२३ टक्के अक्षरे भिन्न आढळली. अशी भिन्न अक्षरे सुमारे साडेतीन कोटी भरतात. याशिवाय कोठे मजकूर गळालेला, कोठे घुसलेला, अशा सुमारे ५० लाख जागा आढळल्या. २०२५ सालच्या संपूर्ण तुलनेत असे दिसून आले, की कपींच्या जीनोमचा १२.५ ते २७.३ टक्के भाग एकास एक असा सरळ जुळविता येत नाही. पुनरावृत्ती, उलटापालट आणि वाढीव प्रती यांनी तो भाग व्यापलेला आहे.

मग खरा आकडा कोणता? दोन्ही खरे आहेत. दोन पोथ्यांची तुलना करताना समान श्लोकांतील अक्षरभेद मोजले तर एक संख्या येते. एका पोथीत असलेले व दुसरीत नसलेले अध्यायही हिशेबात धरले तर दुसरी येते. काय मोजले हे सांगितल्याशिवाय टक्केवारीला अर्थ नसतो. नव्या आकड्यांमुळे नात्याचा क्रमही बदललेला नाही. ओरांगउटानची शाखा प्रथम वेगळी झाली, त्यानंतर गोरिलाची आणि शेवटी मानव व चिंपांझी-बोनोबो यांची. म्हणजे चिंपांझीचा अधिक जवळचा आप्त गोरिला नसून मानव आहे.

एक बाब मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. जीनोमचे सर्व भाग हा एकच क्रम दाखवीत नाहीत. गोरिलाच्या जीनोमचा अभ्यास करताना सुमारे ३० टक्के भागात निराळा क्रम आढळला. तेथे मानव किंवा चिंपांझी एकमेकांपेक्षा गोरिलाला अधिक जवळ होते. याचे कारण असे, की ‘पूर्वज’ म्हणजे एखादे जोडपे नव्हे. तो हजारो प्राण्यांचा समुदाय होता आणि त्या समुदायातच अनेक पाठभेद नांदत होते. शाखा फुटताना कोणता पाठ कोणाकडे गेला, हे अंशतः योगायोगावर अवलंबून राहिले.

वेगळेपण कोठे आहे?

ॲलन विल्सन यांनी मेरी-क्लेअर किंग यांच्यासह १९७५ साली एक महत्त्वाचा विचार मांडला. मानव व चिंपांझी यांची प्रथिने इतकी सारखी आहेत, की दोघांतील मोठे फरक केवळ प्रथिनांनी स्पष्ट होत नाहीत. जनुके केव्हा व किती कार्य करतात, या नियंत्रणातच भेद असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. तीस वर्षांनी जीनोम हाती आला, तेव्हा दोघांची सुमारे २९ टक्के प्रथिने तंतोतंत सारखी निघाली आणि इतर बहुतेकांतील फरकही अल्पच आढळला.

२००६ साली कॅथरीन पोलार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध उलट दिशेने घेतला. इतर प्राण्यांत कोट्यवधी वर्षे जवळजवळ न बदललेला, पण मानवात मात्र झपाट्याने बदललेला भाग त्यांनी शोधला. ११८ अक्षरांच्या अशा एका भागात कोंबडी व चिंपांझी यांच्यामध्ये फक्त २ अक्षरांचा फरक आहे, तर चिंपांझी व मानव यांच्यामध्ये १८ अक्षरांचा. हा भाग प्रथिन घडवीत नाही. गर्भाच्या मेंदूचा बाह्य थर तयार होत असताना तो कार्यरत असतो.

काही जनुकांच्या वाढीव प्रतीही मानवी शाखेत निर्माण झाल्या. २०१८ साली वर्णन झालेल्या अशा एका जनुकसमूहाचा गर्भातील मेंदूच्या पेशींची संख्या वाढण्याशी संबंध आहे. चिंपांझीत या जनुकाच्या तुटक प्रती आढळतात, पण त्या कार्यक्षम नाहीत. या लाभाला किंमतही आहे. सारख्या प्रती जवळजवळ असल्या, की नक्कल होताना गोंधळ होऊ शकतो. गुणसूत्राच्या याच भागातील बिघाडामुळे काही बालकांच्या मेंदूची वाढ कमी वा अधिक होते. काही ठिकाणी मानवाने गमावलेही आहे. कपींच्या बळकट जबड्याच्या स्नायूंत उपयोगी पडणाऱ्या एका जनुकातील दोन अक्षरे आपल्यात गळाली असून ते निकामी झाले आहे, असे २००४ साली आढळले.

या क्षेत्रात घाईने निष्कर्ष काढणे हितावह नाही. फॉक्सपी-२ या जनुकातील दोष वाचा-विकाराशी निगडित आहे, हे २००१ साली कळले. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनात मानव व चिंपांझी यांच्यात दोन घटकांचा फरक आहे. त्यावरून ‘भाषेचे जनुक सापडले’ असा गाजावाजा झाला. परंतु ते दोन्ही बदल निअँडरथल मानवातही असल्याचे २००७ साली आढळले. या जनुकात अलीकडच्या काळात विशेष नैसर्गिक निवड झाल्याचा पुरावाही २०१८ सालच्या अधिक व्यापक तपासणीत टिकला नाही. भाषा, बुद्धी किंवा नीती यांपैकी कशाचेही एकच जनुक नाही. मानव घडला तो अनेक लहान बदलांच्या संयोगातून, आणि त्यांतील बहुतेकांचे कार्य अजून समजून घ्यावयाचे आहे.

आपल्याशी याचा संबंध काय?

हा अभ्यास केवळ कुतूहलाचा नाही. मानवात सर्वांत घातक ठरणाऱ्या फॅल्सिपेरम मलेरियाचा परजीवी गोरिलातील परजीवीपासून मानवात आला, असे २०१० साली दिसून आले. एड्सच्या साथीस कारणीभूत असलेल्या विषाणूचे मूळ मध्य आफ्रिकेतील चिंपांझीत असल्याचे १९९९ साली सिद्ध झाले. निकटच्या आप्तांचे रोग आपल्यात का येतात आणि त्यांच्यापेक्षा आपल्यात वेगळे का वागतात, हे समजण्यास जीनोमची तुलना उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट सामाजिक आहे. जगातील कोणत्याही दोन माणसांत साधारणतः हजारामागे एका अक्षराचा फरक असतो. आफ्रिकेतील चिंपांझींची संख्या मानवाच्या तुलनेने नगण्य आहे, तरी त्यांच्यातील आनुवंशिक विविधता मानवजातीपेक्षा अधिक आहे. संपूर्ण मानवजात ही आफ्रिकेतून अलीकडेच पसरलेल्या एका लहान समुदायाची संतती आहे, हे त्याचे कारण होय. वंश, वर्ण किंवा जात यांवरून माणसांची उच्चनीचता ठरवू पाहणाऱ्यांना या ग्रंथात आधार सापडत नाही.

तिसरी गोष्ट अधिक तातडीची आहे. मोठ्या कपींच्या सात जाती आज हयात आहेत. जागतिक निसर्ग संरक्षण संघटनेच्या यादीत त्यांपैकी गोरिलाच्या दोन व ओरांगउटानच्या तीन जाती अतिसंकटग्रस्त, तर चिंपांझी व बोनोबो संकटग्रस्त म्हणून नोंदविलेले आहेत. सुमात्रातील तापानुली ओरांगउटान ही स्वतंत्र जाती असल्याचे २०१७ साली जाहीर झाले, त्या वेळीच तिचे ८०० हून कमी प्राणी उरले होते. आपला हुलॉक गिबनही संकटात आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीने त्याला संरक्षण दिले आहे. परंतु हा प्राणी झाडांवरूनच प्रवास करतो. जंगलात खंड पडला, की त्याचा मार्गच खुंटतो. आसामच्या जोरहाट जिल्ह्यातील होलोंगापार अभयारण्य रेल्वेमार्गामुळे दुभागले गेले आहे आणि तेथील गिबनांपुढे हीच समस्या उभी आहे.

जीनोमची अक्षरे संगणकात साठवून ठेवता येतील. परंतु त्या अक्षरांचा अर्थ जिवंत प्राण्याच्या वाढीत, वागणुकीत आणि रोगप्रतिकारात प्रकट होतो. प्राणी नाहीसा झाल्यावर त्याची अक्षरे तेवढी उरतील, पण त्यांचा अर्थ लावण्याचा मार्ग बंद होईल. पोथ्यांच्या तुलनेत एक प्रत कायमची हरवली, तर मूळ पाठ निश्चित करणे कठीण होते. येथे हरवणारी प्रत आपल्याच घराण्याची आहे.

संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधक बुद्धी यांचा विकास करणे आणि सजीव प्राण्यांबद्दल दयाबुद्धी बाळगणे, ही दोन्ही नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली आहेत. कपींच्या जीनोमचा अभ्यास या दोहोंना एकत्र आणतो. तेव्हा वर्गात किंवा सभेत ‘माणूस माकडापासून झाला का?’ असा प्रश्न आला, तर तो हसून टाळू नये. ‘नाही, पण त्यांचा आणि आपला पूर्वज एक होता, आणि त्याचा दाखला आपल्या प्रत्येक पेशीत लिहिलेला आहे’ असे उत्तर द्यावे, आणि तो दाखला कसा वाचतात तेही समजावून सांगावे.